बोहर, वोहिर, मोहर

डब्लिनमध्ये आयरिश भाषेचा वर्ग लावतेय म्हटल्यावर "कशाला?" असं विचारणारे सगळे आयरिशच होते. ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, घरमालकिणीने विचारलं, वर्गाची फी भरून घेणाऱ्या बाईनेही हसत हसत विचारलंच. या लोकांनी ही भाषा पहिलीपासून शाळा संपेपर्यंत सक्तीने शिकलेली असते, आणि बहुतेकांच्या डोक्यात त्यातलं एकच वाक्य शाबूत राहिलेलं असतं: 'अन विल क्याद अगम दुल गो जी अन लेहरस?' म्हणजे, मी संडासला जाऊ का? हे वाक्य मला इथे इतक्या जणांनी म्हणून दाखवलंय की वर्गात जाण्याआधीच माझं पाठ होतं.

माझं कारण साधं होतं. इथे रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर वर आयरिश नाव आणि खाली इंग्रजी नाव असतं. रोज ज्या पाटीखालून जायचं तिची वरची ओळ आपल्याला वाचता येऊ नये, हे मला पटत नव्हतं. साताऱ्याकडच्या माणसाला पाटी वाचल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आमच्या बाई कोनेमाराच्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या, जिथे घराघरात अजून आयरिश बोलतात तिथल्या. इथे शिक्षकांना सगळे नावाने हाक मारतात; मी तोंडाने नाव घेते आणि मनात 'बाई'च म्हणते. त्यांची शिकवायची पद्धत जरा वेगळी. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला एक नाम दिलं. कुणाला पाव, कुणाला खिडकी, कुणाला समुद्र. सत्र संपेपर्यंत तो शब्द त्याचा. तो जिथे दिसेल, ऐकू येईल, तिथून उचलायचा आणि वहीत लिहायचा, पण नुसता नाही, त्याच्या आधी काय होतं तेही लिहायचं. मला विचारलं, राहतेस कुठे? मी म्हटलं, स्टोनीबॅटरजवळ. "मग तुझा शब्द बोहर," त्या म्हणाल्या.

बोहर म्हणजे रस्ता. लिहिताना बी-ओ-टी-एच-ए-आर, ओवर तिरकी रेघ. टीएचचा उच्चार नुसता ह. पुल्लिंगी नाम. स्टोनीबॅटरचं आयरिश नाव 'बोहर न ग्लोख', दगडांचा रस्ता. इंग्रजांनी 'दगडां'चं भाषांतर केलं आणि 'बोहर'चा 'बॅटर' करून टाकला. शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या रेल्वेवर बूटर्सटाउन नावाचं स्टेशन आहे. त्याचं आयरिश नाव 'बाल्य अन वोहिर', रस्त्यावरचं गाव. मीथ परगण्यातल्या बॅटर्सटाउनचंही नेमकं हेच नाव. गॉलवेत बोहरमोर आहे, मोठा रस्ता. डब्लिनच्या डोंगराकडे बोहरनाब्रीना. एकाच शब्दाचे बॅटर, बूटर, बोहर असे अवतार. वही पहिल्या आठवड्यातच भरायला लागली.

पण खरी गंमत, आणि खरी डोकेदुखी, वेगळीच होती. मराठीत शब्द बदलतो तो शेपटाकडून: रस्ता, रस्त्यावर, रस्त्यांचा. तोंडाचा 'र' जागचा हलत नाही. आयरिश शब्द तोंडाकडूनही बदलतो. माझ्या वहीत नोंदी अशा होत्या: 'अन बोहर', रस्ता ('अन' म्हणजे इंग्रजीतलं 'द'). 'त्रास्ना अन वोहिर', रस्त्यापलीकडे. 'एर अन मोहर', रस्त्यावर. अनेकवचन 'न बोह्रे', रस्ते. आणि 'रस्त्यांचा' म्हणायचं तर 'न मोह्रे'. बोहर, वोहिर, मोहर, तिन्ही एकच. नोव्हेंबरच्या पावसात बसची वाट बघत 'एर अन मोहर, एर अन मोहर' घोकताना मला आमच्या परड्यातला आंबाच दिसायचा.

शेपटाकडूनही बदल होतोच. 'बोहर'च्या षष्ठीत शेवटच्या ए आणि आर यांच्यामध्ये एक आय येऊन बसतो. तो स्वर म्हणून बसत नाही, शेजारच्या र ची जात सांगायला बसतो. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजन दोन जातींचं असतं, एक जाड आणि एक बारीक. आपल्याकडे 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च वेगळे असतात ना, तशातलाच प्रकार, फक्त आपण दोन्ही च एकाच अक्षराने लिहितो आणि ते आजूबाजूला स्वर पेरून फरक दाखवतात. त्यांचा जाड त आपल्या 'ताक'मधल्या त सारखा दातांवर जीभ टेकवून येतो, त्यामुळे तिथे माझं कौतुक झालं. इंग्रजी ट लावणाऱ्या बाकीच्यांना बाई पुन्हा पुन्हा दात दाखवत होत्या. बारीक र ने मात्र माझाही घाम काढला. तो र म्हणायचा आणि त्याच दमात य म्हणायचा, पण दोन्ही वेगळे ऐकू येता कामा नयेत.

तोंडाकडच्या बदलांना दोन नावं आहेत: शेवू आणि उरू. शेवूमध्ये पहिल्या अक्षरानंतर एच लिहितात: बी चं बीएच. उरूमध्ये मूळ अक्षराच्या आधी एक नवं अक्षर येतं आणि उच्चार त्या नव्याचाच होतो. जुनं मागे उभं राहतं, मुकं. 'मोहर' लिहितात एम-बी-ओ-टी-एच-ए-आर. 'ग्लोख'मध्ये आधी लहान जी, मग मोठा सी. मूळ शब्द 'क्लोख', दगड. पाटी लिहिणाऱ्याने मोठं अक्षर मूळ सी साठी राखून ठेवलंय आणि जी आगंतुक म्हणून लहानच ठेवलाय. मला ही लिपीची माणुसकी वाटते. उच्चार गेला तरी जुन्या मालकाचं नाव पाटीवरून पुसलेलं नाही. शब्दकोशात बघायचं तर एम खाली शोधू नका, एम सोडून द्या आणि बी खाली बघा. जुन्या गेलिक वळणाच्या पाट्यांवर तर एच नसतोच, अक्षराच्या डोक्यावर नुसतं टिंब असतं. ते टिंब पाहून माझ्या मराठी डोळ्यांनी अनुस्वारच वाचला असता.

वर्गात माझ्या शेजारी एक निवृत्त बसचालक बसतात. त्यांना शाळेत हे सगळं छडीच्या धाकाने पाठ करायला लावलं होतं. कुठल्या शब्दानंतर शेवू, कुठल्यानंतर उरू, आणि उरूमध्ये कुठल्या अक्षराच्या आधी कुठलं अक्षर. अजून ते सगळं पाढ्यांसारखं म्हणतात आणि दर वेळी मध्येच अडकतात. एका तासाला बाईंनी फळ्यावर उरूची यादी लिहिली. त्या इंग्रजी अक्षरांत लिहीत होत्या, मी वहीत सवयीने देवनागरीत उतरवत होते: क चा ग. त चा द. प चा ब. ग चा ङ. द चा न. ब चा म.

लिहून झालं आणि मी वहीकडे बघतच राहिले. ही यादी पाठ करायची गरजच नव्हती. ती मी बालवाडीत केली होती.

क ख ग घ ङ. त थ द ध न. प फ ब भ म. उरू म्हणजे ओळीतलं पहिलं अक्षर त्याच ओळीतल्या तिसऱ्यावर जातं आणि तिसरं पाचव्यावर जातं. बस, एवढंच. आणि शेवू? बी नंतर एच, सी नंतर एच, पी नंतर एच. म्हणजे ब चा भ, क चा ख, प चा फ. पहिलं दुसऱ्यावर, तिसरं चौथ्यावर. उच्चार पुढे घसरत गेले, त्यामुळे भ चा व झाला, थ चा नुसता ह राहिला, ख घशात खरखरायला लागला. पण लिखाणात तो महाप्राण अजून जिवंत आहे. 'बोहर'च्या पोटातला टीएचही असाच, कधीकाळचा त, दोन्हीकडच्या आवाजांत विरघळून ह झालेला.

मग मी यादीत काय नाही ते बघितलं. स ला उरू होत नाही. र आणि ल यांना होत नाही. अर्थातच, ती तर आपल्याकडेही वर्गाबाहेरची, अवर्गीय व्यंजनं. न आणि म यांना होत नाही, कारण ती आधीच पाचव्या घरात बसलेली आहेत, पुढे घरच नाही. एकटा इंग्रजी वळणाचा फ तेवढा तक्त्यात बसेना: त्याचा उरूमध्ये व होतो. त्याचंही कारण नंतर सापडलं. आयरिशमधला हा फ मुळात व च होता. त्यांच्याकडे पुरुषाला 'फ्यार' म्हणतात, आणि तो आपला 'वीर'. उरू लागला की फ्यारचा 'व्यार' होतो, म्हणजे जुना व पुन्हा वर येतो.

चहाच्या सुट्टीत मी तो तक्ता बसचालक काकांना काढून दाखवला, देवनागरी अक्षरांच्या खाली इंग्रजी अक्षरं लिहून. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बोट ठेवत ओळी तपासल्या आणि विचारलं, "हे तुम्हाला लहानपणीच शिकवतात?" म्हटलं, लिहायला शिकवायच्या आधी. "आणि आम्हाला छडी!" ते म्हणाले, आणि तक्त्याचा फोटो काढून घेतला.

बाईंनी तक्ता पाहिला, हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. पण हे का होतं ते विचार." त्यांनीच मला जुन्या आयरिशकडे ढकललं. तोंड बदलण्याचं कारण त्या शब्दात नसतंच, ते आधीच्या शब्दाच्या शेपटात असतं. फार पूर्वी आयरिश शब्दांना संस्कृतसारखीच विभक्तीची शेपटं होती. चौथ्या ते सहाव्या शतकात दगडांच्या कडांवर कोरलेल्या ओघम लिपीच्या लेखांत ती दिसतात. मग ती झडून गेली. पण जाता जाता पुढच्या शब्दाच्या तोंडावर खूण ठेवून गेली. आधीच्या शब्दाच्या शेवटी स्वर असेल तर पुढचं व्यंजन सैल पडलं: शेवू. शेवटी न-म असेल तर तो पुढच्या व्यंजनात मिसळला: उरू. शेवटी स असेल तर पुढचं व्यंजन जसंच्या तसं.

नववी-दहावीत मार्क मिळतात म्हणून मी संस्कृत घेतलं होतं. दिक् अधिक गज दिग्गज, वाक् अधिक मय वाङ्मय. क चा ग, क चा ङ. तेव्हा हे संधी परीक्षेपुरते होते. आता कळत होतं की आयरिश माणूस रस्त्यापलीकडच्या दुकानात जातो म्हणतानाही संधीच करत असतो, फक्त ज्या अक्षराशी संधी करायचा ते दीड हजार वर्षांपूर्वी गेलंय.

याचा सगळ्यात लखलखीत नमुना म्हणजे 'अ'. आयरिशमध्ये 'त्याचा', 'तिचा' आणि 'त्यांचा' या तिन्हींना एकच शब्द आहे: अ. लिहायलाही एकच अक्षर. मग कुणाचा रस्ता ते कळायचं कसं? 'अ वोहर', त्याचा रस्ता. 'अ बोहर', तिचा रस्ता. 'अ मोहर', त्यांचा रस्ता. सगळा अर्थ पुढच्या शब्दाच्या तोंडात. वर्गातल्या अर्ध्या लोकांनी इथे हात टेकले. मी घरी जाऊन 'इदम्' सर्वनामाची षष्ठी आठवून लिहिली. पुल्लिंगी एकवचन 'अस्य', शेवटी स्वर. स्त्रीलिंगी एकवचन 'अस्याः', शेवटी विसर्ग, म्हणजे मूळचा स. अनेकवचन 'एषाम्', शेवटी म. आता वरच्या तीन रस्त्यांशी लावून बघा. अस्यच्या भावंडानंतर शेवू, अस्याःच्या भावंडानंतर काही नाही, एषाम्‌च्या भावंडानंतर उरू. तीन शब्द झिजून एक 'अ' उरला, पण त्यांची शेपटं काय होती ते बोहरच्या पहिल्या अक्षराने लक्षात ठेवलं.

अर्थात, हे मला सुचायच्या पावणेदोनशे वर्षं आधी सुचलेलं आहे. फ्रांत्स बोप या जर्मन संस्कृतज्ञाने १८३८ मध्ये बर्लिनमध्ये केल्टिक भाषांवर निबंध वाचला आणि या तोंडबदलांचं मूळ जुन्या, गळून गेलेल्या प्रत्ययांत आहे हे दाखवलं. तरीही कोपऱ्यावरच्या पाटीवर ते आपलं आपल्याला दिसणं वेगळं. 'न ग्लोख' म्हणजे 'दगडांचा', षष्ठी अनेकवचन. संस्कृतात तिथे 'आम्' असतो. स्टोनीबॅटरच्या पाटीवरचा तो लहानखुरा जी म्हणजे त्या 'आम्'ची उरलेली सावली.

एवढं झाल्यावर बोहरच्या पोटात काय आहे याकडे वळले. त्यात गाय आहे. आयरिशमध्ये गाय म्हणजे 'बो'. हा बो आणि संस्कृत 'गौ' सख्खे. मूळ भाषेतला 'ग्व'सारखा आवाज त्यांच्याकडे ब झाला. आपला 'जीव' त्यांचा 'ब्यो' झाला तो याच वाटेने. बोहरचा दुसरा भाग 'जाणे' या अर्थाच्या धातूचा असावा असं मानतात, म्हणजे गाईंची जायची वाट. आपल्या 'गोठ्या'त गो अधिक स्था आहे, गाईंची उभं राहायची जागा.

गाय आहे हे सांगणारा सगळ्यात जुना साक्षीदार कॉर्मक. कॅशलचा राजा आणि बिशप, ९०८ साली लढाईत मारला गेला. त्याच्या नावावर एक शब्दार्थकोश आहे, त्यात रस्त्यांचे प्रकार दिलेत, आणि मोजमापं फुटात नाहीत. एका जनावरापुरती वाट तो 'शेद'. दोन रथ, एक राजाचा आणि एक बिशपचा, एकमेकांना न घासता जातील तो 'स्लिगे'. आणि बोहर म्हणजे ज्यावर दोन गाई मावतात, एक उभी आणि एक आडवी, आणि सोबत त्यांची वासरंही मावतात. वासरांची सोय का, तेही दिलंय: नाहीतर मागून येणारी गाय शिंग मारेल. ज्याने हे लिहिलं त्याने गुरं वळलेली असणार किंवा वळणाऱ्याला नीट विचारलेलं असणार.

या कोशाची जुनी छापील आवृत्ती मी संगणकावर उघडली तेव्हा मुखपृष्ठावरचं गावाचं नाव दोनदा वाचलं. कलकत्ता, १८६८. संपादक व्हिटली स्टोक्स. हा डब्लिनचा वकील, १८६२ मध्ये नोकरीसाठी मद्रासला आला आणि वीस वर्षं हिंदुस्थानात राहिला. दिवसा ब्रिटिश सरकारचे कायदे लिहायचे आणि उरलेल्या वेळात जुन्या आयरिशचे कोश संपादायचे. १८७७ पासून तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता, आणि त्याच काळात, १८८२ च्या फेब्रुवारीत, भारतीय सुविधाधिकार कायदा मंजूर झाला. दुसऱ्याच्या जमिनीतून जायच्या वाटेचा हक्क त्यातच येतो. दोन गाईंच्या रस्त्याची व्याख्या कलकत्त्यात छापणारा माणूस आणि वहिवाटीचा कायदा होताना टेबलाशी बसलेला माणूस एकच.

हे मी फोनवर आप्पांना सांगितलं. आमच्या वरच्या शेताची पाणंद चुलत्यांनी बांध सरकवून इतकी बारीक करून ठेवलीय की बैलगाडी सोडा, कडब्याचा भारा घेऊन माणूस आडवा वळत नाही. त्यामुळे आप्पांचा या विषयातला व्यासंग मोठा आहे. "वीस वर्षं बिनतक्रार वापर लागतो त्यात," ते लगेच म्हणाले. "आणि तो दावा दिवाणीत. वाट अडवली असली तर आधी मामलेदार कोर्ट, १९०६ चा कायदा, कलम पाच." मग थोडं थांबून विचारलं, "दोन गाई म्हणालीस? एक उभी, एक आडवी?" हो म्हटलं. "म्हणजे आपल्या पाणंदीपेक्षा बराच रुंद की!"

पाणंदीला त्यांच्याकडे शब्द आहे, 'बोहरीन', बोहरचं लघुरूप. दोन्ही बाजूंनी दगडी गडगे, मधोमध गवताची पट्टी. आयर्लंडच्या इंग्रजीत तो 'बोरीन' म्हणून आरामात नांदतो. आठवणींत हरवून बसलेल्या माणसाला ते 'विचारांच्या बोहरीनवर' गेलाय म्हणतात. नोकरीवरून काढणं म्हणजे 'बाता आगस बोहर' देणं, हातात काठी आणि पुढे रस्ता. मी बाईंना सांगितलं की आमच्याकडे नारळ देतात. त्यांना ते फार आवडलं: "निदान खायला तरी काहीतरी!" 'ग्युरीन बेर्च बोहर' ही म्हणही वहीत आहे, दोघं असली की रस्ता तोकडा होतो.

आणि तो जगप्रसिद्ध आशीर्वाद. विमानतळापासून प्रत्येक भेटवस्तूंच्या दुकानात मग, रुमाल, चुंबक, सगळ्यांवर तो इंग्रजीत छापलेला असतो: रस्ता तुझ्या स्वागताला वर उठो. हे बाईंसमोर म्हणू नये. मूळ आयरिश 'गो नाइरी अन बोहर ल्यात'. 'आइरी' म्हणजे उठणे हे खरं, पण त्याला 'ल्ये' हे अव्यय लागलं की अर्थ होतो यशस्वी होणे, साधणे. रस्ता तुला लाभो, एवढंच ते वाक्य म्हणतं. कुणीतरी उठणे-बसणे धरून भाषांतर केलं आणि डांबर वर उचललं. व्याकरणाच्या दृष्टीने मला त्यातला 'नाइरी' जास्त आवडतो. 'गो' आला की क्रियापद आशीर्वादाचं होतं, आपल्या 'होवो', 'लाभो'सारखं. आणि 'गो'नंतर उरू लागतो, पण 'आइरी' स्वराने सुरू होतं, मग उरूने बदलायचं काय? स्वराच्या आधी नुसता न उभा राहतो. गेलेल्या अनुनासिकाला मिसळायला व्यंजन मिळालं नाही, म्हणून तो तसाच उघडा पडला.

सत्राच्या शेवटी वर्ग डॉनिगॉलला गेला, आठवडाभर भाषा आणि डोंगर दोन्ही. तिथे माझ्या मोहरची पंचाईत झाली. उत्तरेकडे, अल्स्टरमध्ये, 'रस्त्यावर' म्हणताना उरू करतच नाहीत, शेवू करतात: 'एर अन वोहर'. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजींनी माझा मोहर ऐकला आणि मायेने विचारलं, "कोनेमाराच्या बाई शिकवतात वाटतं?" दोन्ही बरोबर. माझ्या वहीत दोन रकाने झाले.

डोंगरावर बोहर नव्हता, 'कोसान' होता, पायवाट. 'कोस' म्हणजे पाय, त्यावर 'आन' प्रत्यय. आमच्या वाटाड्याने तोंडबदल म्हणून घ्यायला लावले: अन कोसान, एर अन खोसान, आणि बाईंच्या बोलीत एर अन गोसान. क, ख, ग. बसचालक काका मागून धापा टाकत येत होते, ते तिथूनच ओरडले, "घ कुठाय?"

'कोस'चा संस्कृत भाऊ 'कक्ष' आहे. लॅटिनमध्ये तोच 'कोक्सा', कंबरेखालचा खुबा. म्हणजे जिथे अवयव दुमडतो ती जागा. कक्ष प्राकृतातून मराठीत आला तो 'काख' होऊन. एका घराण्याचा शब्द आयर्लंडात जाऊन पाय झाला आणि साताऱ्यात काख. आयल ऑफ मॅन बेटाच्या मँक्स भाषेत आणि स्कॉटिश गेलिकमध्ये पायाचा स्वर 'अ' आहे, त्यामुळे तिथे पायवाट 'कसन' होते. दक्षिणेकडच्या मन्स्टरच्या लोकांचा जोर दुसऱ्या अक्षरावर, को-सॉऽन. अल्स्टरचे तोच दीर्घ स्वर ऱ्हस्व करून टाकतात. एकाच पायवाटेवरून प्रत्येक प्रांत वेगळ्या चालीने जातो, आणि वाटाडे आपापली चाल खरी म्हणून भांडतात. ते भांडण ऐकायला मिळालं हे त्या आठवड्याचं सगळ्यात मोठं सुख.

नव्या सत्रासाठी बाईंनी शब्द बदलून दिला. आता माझ्याकडे 'श्ली' आहे, मार्ग. हा कॉर्मकच्या दोन रथांच्या 'स्लिगे'चा वंशज, मुळात 'तोडणे, पाडणे' या क्रियापदावरून, म्हणजे झाडं पाडून काढलेली वाट. आयरिश बोलणाऱ्या भागात 'वाट द्या' या पाटीवर 'गेल श्ली' लिहिलेलं असतं. शब्द स्त्रीलिंगी, आणि उपपद लागलं की होतो 'अन त्ली'. स गिळला जातो आणि कुठून तरी त येतो. काकांनी लगेच तक्त्याचा तो फोटो उघडून शोधलं. स वर्गातच नाही, तर त कुठून? बाई म्हणाल्या, तक्ता ठेव बाजूला, संधी कर. हे उपपद जुन्या भाषेत 'इंद' होतं. शेवूने स चा ह झाला. द आणि ह एकत्र आले आणि त्यांचा त झाला, म्हणजे त शब्दाचा नाहीच, उपपदाचा आहे. संस्कृतात तद् अधिक हित तद्धित होतं, तिथे द ने आपला घोष सोडला नाही, इथे सोडला. आणि बाईंनी बजावलंय की 'गेल श्ली'च्या पाटीवर हा त शोधत बसू नकोस, तिथे उपपदच नाही.